त्रिनिदादमध्ये राहताना बाहेर काय, कुठे आणि कसं खायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी, युनिव्हर्सिटीत शिकायला किंवा नवऱ्याच्या-बायकोच्या पोस्टिंगमुळे त्रिनिदादला येणारी मराठी मंडळी खाण्याबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात ते सगळं एकत्र केलंय. बहुतेकांना वाटतं कॅरिबियनमध्ये आपल्याला खायला काय मिळणार, आणि मग ते सहा महिने घरचा कुकर आणि मॉलमधला पिझ्झा यावरच काढतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण इतकं चांगलं, इतकं वेगवेगळं आणि परवडणारं रस्त्यावरचं खाणं फार कमी देशांत मिळतं. किमती बदलत राहतात, त्यामुळे आकडे अंदाजे धरा.

१. नुकतेच आलोय. पहिल्या आठवड्यात बाहेर काय खाऊन बघावं?

डबल्स. हळद घातलेल्या पिठाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या (इथे त्यांना 'बारा' म्हणतात), मध्ये पातळसर छोले, वर काकडी, चिंचेची चटणी, कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं लोणचं, आणि मिरचीचा सॉस. १९३६ च्या सुमारास प्रिन्सेस टाउनमध्ये डीन कुटुंबाने हे विकायला सुरुवात केली आणि आज अख्खा देश यावर सकाळ काढतो, ऑफिसर पण आणि मजूर पण, एकाच रांगेत. पूर्ण शाकाहारी आहे, पुरीत अंडं नसतं. साधारण ५ ते ८ टीटी डॉलरला (टीटी म्हणजे त्रिनिदाद-टोबॅगोचा डॉलर) एक मिळतं आणि दोन खाल्ली की नाश्ता झाला. मोठ्या रेस्टॉरंटपासून सुरुवात करू नका, इथलं सगळ्यात चांगलं खाणं टेबलखुर्चीवर बसून खाल्लं जात नाही.

२. डबल्सच्या स्टॉलवर ऑर्डर कशी द्यायची? सगळे भराभर काहीतरी बोलतात आणि माझा नंबर आला की गोंधळ होतो.

आधी 'गुड मॉर्निंग' म्हणा. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाहीये, इथे दुकानात, टॅक्सीत, दवाखान्यात कुठेही शिरलं की आधी हे म्हणायचंच असतं, नाही म्हटलं तर माणूस उद्धट वाटतो आणि पुढचं सगळं थंड होतं. संध्याकाळनंतर भेटल्यावर 'गुड नाइट' म्हणतात, तो निरोप नसतो, तेव्हा दचकू नका.

मग आकडा आणि तिखट एवढंच सांगायचं: 'टू, स्लाइट पेपर' (पेपर म्हणजे मिरचीचा सॉस). तिखट नको तर 'नो पेपर', जास्त हवं तर 'प्लेंटी' (पण आधी प्रश्न ३ वाचा). घरी न्यायचं असेल तर 'टू गो' म्हणा, कागदात गुंडाळून पिळा मारून देतात. तिथेच खाणार असाल तर बाजूला उभं राहून खायचं, अजून हवं असलं की हात वर करायचा आणि शेवटी किती खाल्ली ते आपणच सांगून पैसे द्यायचे. बऱ्याच ठिकाणी कोणी मोजत बसत नाही, तुमच्या शब्दावर चालतं, म्हणून आकडा नीट लक्षात ठेवा. चमचा मागू नका, वरच्या पुरीचे तुकडे करून त्यानेच छोले उचलायचे.

३. आम्ही कोल्हापूरचे आहोत. तिखटाचं काय एवढं?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की वेगळं उत्तर लिहावंच लागलं. इथली मिरची आपली लवंगी किंवा ब्याडगी नाही. ती हबानेरोच्या जातीची आहे, फुगीर, सुरकुतलेली, वासाला जवळजवळ फळासारखी. त्यातलीच त्रिनिदाद मोरुगा स्कॉर्पियन ही मिरची २०१२ मध्ये न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिली पेपर इन्स्टिट्यूटने तेव्हाची जगातली सगळ्यात तिखट मिरची ठरवली होती, आणि मोरुगा हे इथल्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव आहे. आपला तांबडा रस्सा शिजलेला असतो, तेलात तिखट मुरलेलं असतं. इथला पेपर सॉस बरेचदा कच्च्या मिरच्या वाटून केलेला असतो, तो आधी काही बोलत नाही आणि अर्ध्या मिनिटाने घसा धरतो. पहिल्यांदा 'स्लाइट'च घ्या, पुढच्या वेळी वाढवा. मुलांसाठी 'नो पेपर' सांगा, पण छोल्यांमध्ये मुळातच थोडं तिखट असू शकतं, आधी आपण चाखून मग द्या.

४. रोटी शॉपमध्ये बोर्डावर इतकी नावं असतात, नक्की मागायचं काय?

मुख्य प्रकार तीन. धालपुरी म्हणजे आत उकडून दळलेल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं कोरडं सारण असलेली मोठी पातळ रोटी, तिच्यात भाजी किंवा मटण-चिकन भरून घट्ट पुडी करून देतात. बस-अप-शट म्हणजे पदर सुटलेला, तव्यावरच फोडून चुरगळलेला पराठा, हा बाजूला देतात आणि भाज्या वेगळ्या, बसून जेवायचा बेत असेल तर हाच घ्या. तिसरी सादा रोटी, जाड, भाजलेली, ही नाश्त्याची, आणि ती सकाळीच संपते.

भाज्यांमध्ये चणा-बटाटा तर असतोच, पण तिथे थांबू नका. लाल भोपळ्याची भाजी (पंपकिन म्हणा), बोडी म्हणजे चवळीच्या शेंगा, भाजी म्हणजे पालेभाजी, बहुतेकदा अळूची कोवळी पानं, आणि मोसमात कैरीची आंबटगोड तिखट मँगो तलकारी. सादा रोटीबरोबर बैगन चोका किंवा टोमॅटो चोका घ्या. बैगन चोका म्हणजे विस्तवावर भाजलेलं वांग्याचं भरीत, लसूण भरपूर आणि वरून कडकडीत तेलाची फोडणी. सकाळी सहा वाजता ताज्या रोटीबरोबर ते खाल्लं की त्या दिवशी दुपारी जेवायची आठवण होत नाही.

चिकन-मटण घेणाऱ्यांनी विचारून घ्या की बोनलेस आहे का, कारण पुडीच्या आत हाडं तशीच असतात आणि पहिल्याच घासाला दात आपटतो. भाजीच्या चवीने मन भरत नसेल तर करी डक घ्या, बदकाची करी, त्यांच्या घरगुती पार्ट्यांचा हा मानाचा पदार्थ आहे.

५. हे सगळं 'इंडियन' म्हणतात पण आपल्यासारखं लागत नाही. खरं इंडियन जेवण कुठे मिळतं?

पोर्ट ऑफ स्पेन आणि आसपास भारतातून आलेल्या आचाऱ्यांची नान-पनीर-तंदुरीवाली रेस्टॉरंट मोजकी आहेत, आणि ती रोटी शॉपच्या कितीतरी पट महाग पडतात. हे झालं सरळ उत्तर. पण प्रश्नातल्या 'खरं' या शब्दाबद्दल मला बोलायचंय.

३० मे १८४५ ला फातेल रझाक नावाचं जहाज २२५ भारतीय मजुरांना घेऊन इथे लागलं आणि १९१७ पर्यंत जवळपास १ लाख ४४ हजार लोक उसाच्या मळ्यांवर कराराने आणले गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, कलकत्त्याहून निघालेले, काही मद्रासहून. ज्यांच्याकडे ना कोथिंबीर होती ना घरचे मसाले, त्यांनी मळ्यावर मिळणाऱ्या रेशनवर आणि इथल्या मातीत उगवणाऱ्या पाल्यावर स्वतःचं जेवण उभं केलं. कोथिंबिरीच्या जागी शाडो बेनी आली, लांब करवती पानांची, वास कोथिंबिरीचाच पण चौपट उग्र. ताज्या वाटणाच्या जागी करी पावडर आली, ती पाण्यात कालवून गरम तेलात सोडतात आणि तेल सुटेपर्यंत परततात, टोमॅटो-क्रीम काही नाही. जिरं भाजून काळपट होईपर्यंत नेतात. हे पावणेदोनशे वर्षांचं जेवण आहे, त्याला कोणाची नक्कल म्हणणं चूक आहे, आणि काउंटरवर उभं राहून 'आमच्याकडे असं नसतं' म्हणणं तर फारच वाईट. पुरणपोळी-मिसळीच्या मापाने मोजू नका, तसं मोजलं तर बटर चिकनही कुठे आपलं आहे. दोन-तीन महिने मोकळ्या मनाने खा, मग माझ्यासारखं तुम्हालाही सुट्टीवर गेल्यावर पुण्यात धालपुरी हवीशी वाटेल.

हो, आणि हिंदीत बोलायला जाऊ नका. पदार्थांची आणि नात्यांची नावं ओळखीची वाटतात पण लोक बोलतात इथली इंग्रजी.

६. खर्च साधारण किती येतो? टिप द्यायची का? कार्ड चालतं का?

१ अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात टीटी डॉलर, म्हणजे एक टीटी १२-१३ रुपयांच्या आसपास. डबल्सचं वर सांगितलं, चिकनची रोटी ३५ ते ५० च्या घरात, बकऱ्याची किंवा कोळंबीची त्याहून जास्त, फक्त भाजीची कमी. स्टॉलवर सुट्टे पैसे न्या, शंभराची नोट सकाळी सहाला काढली तर मागच्या सगळ्यांचा खोळंबा होतो. रोटी शॉपमध्ये बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं.

बसून जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये मेन्यूवरच्या किमतीत १२.५ टक्के व्हॅट धरलाय की वेगळा लागणार ते बघा, आणि बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज बरेचदा आधीच लावलेला असतो. लावला असेल तर वर टिप द्यायची गरज नाही, नसेल तर दहा टक्के द्या. स्टॉलवर टिपची पद्धत नाही.

७. गुगलवर 'ओपन' दाखवतं आणि जाऊन बघतो तर बंद. वेळांचं काय गणित आहे?

गणित एकच, माल संपला की दुकान बंद. डबल्स पहाटे पाच-सहाला सुरू होतात आणि चांगल्या स्टॉलवर नऊ-दहापर्यंत संपतात. मग संध्याकाळचे वेगळे विक्रेते येतात, क्युरेपच्या चौकात तर रात्री उशिरापर्यंत गर्दी असते. सादा रोटी सकाळी, धालपुरी आणि बस-अप-शट अकरापासून दुपारपर्यंत. रविवारी बहुतेक रोटी शॉप बंद, हे लक्षात ठेवा, कारण नेमके आपल्याला रविवारीच बाहेर जायचं असतं. रविवार हा इथे घरी जेवायचा दिवस आहे (प्रश्न ११). फोन करून विचारणं सगळ्यात खात्रीचं.

८. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. कशाकशापासून सांभाळायचं?

शाकाहारी माणसाला कॅरिबियनमध्ये त्रिनिदादइतकं सोपं बेट बहुतेक दुसरं नाही, पण फसायच्या जागा आहेत आणि त्या कुठे आहेत ते कळलं की निर्धास्त होता.

निर्धास्त खा: डबल्स, आलू पाय (आत बटाटा भरलेली लांबट तळलेली पुरी), फुलोरी (डाळीच्या पिठाची भजी, चिंचेच्या किंवा कैरीच्या चटणीबरोबर), बैगनी, कचोरी, आणि सहिना, जी अळूच्या पानांची आणि डाळीची असते आणि खाल्ली की प्रत्येक मराठी माणसाला लगेच अळूवडी आठवते. हे सगळं एकत्र हवं असेल तर दक्षिणेला सॅन फर्नांडोच्या पुढे देबेला जा, रस्त्याकडेला ओळीने स्टॉल आहेत, संध्याकाळी जाऊन एक पूर्ण फेरी मारा. पोट बिघडण्याची भीती असेल तर प्रश्न १४.

आता सांभाळायचं ते. कॅलालू दिसायला पालेभाजीच, अळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध, पण त्यात खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी घालायची पद्धत आहे. राजम्यासारखे लाल बीन्स, मसुरीची डाळ आणि कॉर्न सूप यांतही तीच शेपटी असू शकते, हे तुम्हाला वरून दिसणार नाही. पिलाव म्हणजे पेलाऊ, भात आणि तुरीचे ताजे दाणे दिसतात पण तो चिकनबरोबरच शिजलेला असतो. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. म्हणून 'व्हेजिटेरियन आहे का' एवढं विचारून थांबू नका, काही लोकांच्या लेखी चिकन नाही म्हणजे व्हेजिटेरियन. 'पिगटेल, चिकन, फिश, काहीच नाही ना' असं नावानिशी विचारा, कोणी रागावत नाही. रोटी शॉपमध्ये वाढायचे चमचे वेगवेगळे आहेत का तेही बघता येतं, काउंटर समोरच असतो.

एक दार अजून आहे जे आपले लोक उघडतच नाहीत: इटल फूड. रास्ताफारी या धार्मिक पंथाच्या लोकांचं जेवण, मांस नाही, बहुतेकदा मीठही नाही किंवा अगदी कमी, नारळाच्या दुधात शिजवलेले कंद आणि कडधान्यं. अशी जागा जवळपास असेल तर नक्की जा.

९. उपवास, कांदा-लसूण नसलेलं, जैन... यांचं काय?

इथले हिंदू 'आय फास्टिंग' म्हणतात तेव्हा बहुतेकदा मांसाहार बंद आहे असा अर्थ असतो, आपल्यासारखा साबुदाणा-वरईचा उपवास नाही. त्यामुळे तुम्ही फास्टिंग म्हटलं की ते आनंदाने चणा-बटाटा वाढतील. एकादशी करणाऱ्यांसाठी फळं भरपूर, नारळपाणी आहे, आणि उकडलेला कसावा सगळीकडे मिळतो. साबुदाणा याच कंदापासून होतो, तेव्हा चालतो की नाही ते तुमच्या घरच्या पद्धतीवर. फक्त तो मांसाच्या भांड्यात उकडलेला नाही हे विचारून घ्या.

कांदा-लसूण नसलेलं मात्र बाहेर अवघड आहे, खोटी आशा दाखवत नाही. लसूण आणि हिरवं वाटण हा इथल्या प्रत्येक भाजीचा पाया आहे. बाहेर पडाल तेव्हा फळं आणि कुर्मा-बर्फी-जिलबीसारखी मिठाई, बाकी घरचा डबा.

१०. बीफ, पोर्क, हलाल, हे कळतं कसं?

हिंदू मालकांच्या बऱ्याच रोटी शॉपमध्ये बीफ ठेवतच नाहीत, मुस्लिम मालकांकडे पोर्क नसतं आणि हलालचा बोर्ड लावलेला असतो, क्रिओल (इथल्या आफ्रिकन-युरोपीय मिश्र पद्धतीच्या) आणि चायनीज ठिकाणी दोन्ही असू शकतं. बोर्डावर 'बीफ रोटी' दिसत असेल तर तिथे मिळतं, सरळ आहे. एकाच टेबलावर सगळे प्रकारचे लोक जेवतात आणि कोणी कोणाच्या ताटाबद्दल बोलत नाही.

११. इंडियन सोडून इथलं स्वतःचं, क्रिओल जेवण कुठे आणि काय खावं?

आठवड्याच्या दिवशी दुपारी क्रिओल जेवणाच्या छोट्या खानावळी शोधा, ऑफिसवाले जिथे डबे भरून नेतात त्या. काउंटरवर भांडी मांडलेली असतात, बोट दाखवून सांगायचं. स्ट्यू चिकन (साखर जाळून तिच्या काळपट रंगात परतलेलं, गोड लागत नाही), भात, बीन्स, कॅलालू, मॅकरोनी पाय, केळ्याचे तळलेले काप. हाच सगळा बेत इथल्या घराघरात रविवारी दुपारी असतो. शेजाऱ्यांनी किंवा ऑफिसातल्या कोणी रविवारी जेवायला बोलावलं तर काहीही झालं तरी जा, तसं जेवण कुठल्याच रेस्टॉरंटमध्ये मिळत नाही.

'प्रोव्हिजन' असं लिहिलेलं दिसलं तर ते सामान नाही, उकडलेले कंद आणि कच्ची केळी. शनिवारी दाट सूप मिळतं, त्यातही हेच.

१२. मराकसचं बेक अँड शार्क खाल्लंच पाहिजे का?

मराकस बीचला जाच, पोर्ट ऑफ स्पेनहून डोंगराच्या वळणांवरून पाऊण तासाचा रस्ता आहे आणि वाटेतल्या व्ह्यू पॉइंटवर चाऊ मिळतं, म्हणजे कच्चा आंबा किंवा अननस, मीठ, लसूण, मिरची, शाडो बेनी लावून. ते चुकवू नका.

बेक म्हणजे इथे तळलेला फुगीर पाव, त्यात तळलेला मासा, आणि मग समोर मांडलेल्या चटण्या-सॅलड स्वतः घालून घ्यायची. शार्कबद्दल माझं मत सांगते: शार्कची संख्या जगभर घटतेय, आणि त्याच स्टॉलवर किंगफिश म्हणजे आपल्या सुरमईच्या भाऊबंदांपैकी मासाही मिळतो, चवीला शार्कपेक्षा सरसच. मी तोच घेते. शाकाहारी असाल तर नुसतं बेक, वर सॅलड आणि चिंचेचा सॉस, पण तेल माशाचंच असणार हे धरून चला.

१३. टोबॅगोला खाण्यासाठी वेगळं जावं का?

मासे-खेकडे खाणाऱ्यांनी हो. स्टोअर बे बीचच्या कडेला बायकांच्या छोट्या खानावळी आहेत, तिथे करी क्रॅब अँड डंपलिंग. खेकडा कवचासकट येतो, हाताने फोडायचा, पांढरा शर्ट घालून जाऊ नका. विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोचता, फेरीला काही तास लागतात आणि समुद्र खवळलेला असला तर लागतोही, परतीच्या फेरीआधी हे जेवण नको.

१४. रस्त्यावरचं खाऊन पोट बिघडणार नाही ना?

विक्रेत्यांना सरकारी आरोग्य खात्याकडून फूड बॅज घ्यावा लागतो, त्यावर फोटो आणि तारीख असते, विचारलं तर दाखवतात. बघायचं ते असं: पैसे घेणारा आणि खायला देणारा हात वेगळा आहे का, छोल्यांचं भांडं गरम आणि झाकलेलं आहे का, रांग पुढे सरकतेय का. रांग मोठी आणि भरभर सरकणारी असेल तर माल ताजा असतो. काकडी आणि कच्च्या चटण्या पहिले काही दिवस टाळल्या तरी चालेल. कधी कधी पोट घाणीने नाही, मिरचीने बिघडतं.

१५. गाडी नाही. जायचं कसं? आणि रात्री बाहेर जेवायला जाणं सुरक्षित आहे का?

मॅक्सी टॅक्सीच्या (ठरलेल्या मार्गावरच्या शेअर मिनीबस) पट्ट्यांचे रंग पाठ करा: सेंट ऑगस्टीन, क्युरेप, अरिमाकडे लाल, चग्वानस-सॅन फर्नांडोकडे हिरवा, पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेला पिवळा. शेअर टॅक्सीची नंबरप्लेट 'एच'ने सुरू होते, 'पी'ची गाडी खाजगी असते, तिच्यात बसू नका.

रात्रीबद्दल गोड बोलत नाही. गुन्हेगारी हा इथला खरा प्रश्न आहे आणि इथले लोक स्वतःच काळजी घेतात. अरियापिटा अ‍ॅव्हेन्यू, सेंट जेम्स, क्युरेप इथे रात्री गर्दी असते, तिथे तीन-चार जण मिळून जा, ओळखीचा ड्रायव्हर आधीच ठरवा, उजेडात थांबा, खाऊन निघा. नवीन भागात जायचं असेल तर ऑफिसातल्या स्थानिक माणसाला आधी विचारा. एकट्या मुलींना माझा सल्ला, सकाळ आणि दुपार तुमची आहे, डबल्स आणि रोटी दोन्ही तेव्हाच चांगले असतात, रात्रीचा हट्ट नको.

१६. जेवणाबरोबर प्यायला काय?

मॉबी एकदा तरी प्या, झाडाच्या सालीचं कडवट-गोड सरबत, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं पण रोटीबरोबर त्याच्याइतकं काही बसत नाही. सॉरेल म्हणजे अंबाडीच्या जातीच्या लाल बोंडांचं सरबत, नाताळच्या दिवसांत. पीनट पंच म्हणजे दाण्यांचं दाट दूध, जेवणच ते. पोर्ट ऑफ स्पेनमधल्या क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मैदानाच्या कडेला शहाळी. दारू न घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा की लेमन-लाइम अँड बिटर्समध्ये जे अँगोस्तुरा बिटर्स असतं त्यात अल्कोहोल असतं, थेंब-दोन थेंब का होईना, आणि नाताळच्या ब्लॅक केकमध्ये तर रम भरपूर मुरलेली असते.

१७. चायनीज, अरेपा, गायरो... हे पण 'लोकल' धरायचं का?

धरायचंच. चिनी लोक १८०६ मध्येच आले होते, भारतीयांच्याही आधी, आणि त्यांचा फ्राइड राइस-फ्राइड चिकन आता पूर्ण त्रिनिदादी झालाय, पेपर सॉस घातल्याशिवाय कोणी खात नाही. सीरिया-लेबनॉनकडून आलेल्या लोकांमुळे गायरो (पातळ रोटीत गुंडाळलेलं मांस आणि सॅलड) आहेत. व्हेनेझुएला सगळ्यात जवळच्या टोकाला ११ किलोमीटरवर, गेल्या काही वर्षांत तिथून खूप लोक आलेत आणि त्यांच्या अरेपा-एम्पनाडाच्या गाड्या ठिकठिकाणी दिसतात. मक्याची अरेपा, आत चीज आणि काळे बीन्स, शाकाहाऱ्यांना उत्तम, आणि जे लोक घरदार सोडून आलेत त्यांच्या हातात चार पैसे पडतात.

१८. दुकानदार विचारतात 'यू फ्रॉम इंडिया?' आणि मग खूप प्रश्न. काय बोलायचं?

बोला, वेळ द्या. कित्येकांना पणजोबांच्या गावाचं नाव माहीत नसतं, कोणाकडे एखादा जुना कागद असतो, आणि समोर भारतातून आलेला माणूस दिसला की आत काहीतरी हलतं. आपण महाराष्ट्रातले, त्यांची माणसं बहुधा बिहार-अवधची, हे सांगा पण तोडून टाकल्यासारखं नको. त्यांच्या उच्चारांना हसू नका.

आणि वयस्कर कोणी असेल तर मुंबईचं नाव काढा, गावसकर निघणारच. १९७१ ची मालिका, पोर्ट ऑफ स्पेनलाच पदार्पण, वेस्ट इंडिजविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय तिथलाच, शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२० पण तिथेच, चार कसोटींत ७७४ धावा. त्याच विजयात मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं शतक होतं, हे तुम्ही सांगा, त्यांना आवडेल.

१९. सणासुदीला काय चालू, काय बंद?

कार्निव्हलचे सोमवार-मंगळवार कागदोपत्री सुट्टी नसते पण व्यवहार सगळे बंद, रस्त्यावर मात्र खायला भरपूर, फक्त गर्दी आणि किंमत दोन्ही जास्त. गुड फ्रायडेला मासे, तेही आधी घेऊन ठेवलेले बरे. नाताळात पस्तेल, केळीच्या पानात वाफवलेलं मक्याचं पीठ आणि आत खिमा, शाकाहारी पस्तेलही मिळतं, पण आधी ऑर्डर द्यावी लागते.

आपल्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट दिवाळी. १९६६ पासून इथे दिवाळीची सार्वजनिक सुट्टी आहे. चग्वानसजवळच्या दिवाली नगरला दिवाळीआधी काही रात्री जत्रा भरते, तिथलं खाणं पूर्ण शाकाहारी, दारू नाही. घरी बोलावणं आलं तर सात प्रकारच्या भाज्या पानावर वाढतात, हाताने जेवायचं, आणि पुढे पोटात जागा ठेवायची कारण शेजारच्या घरीही जावं लागतं.

२०. मी ग्रेनाडा / बार्बाडोसला आहे. हे सगळं तिथे लागू होतं का?

गुड मॉर्निंग आणि तिखट, हे दोन्ही सगळीकडे लागू. बाकी फरक आहे. तिथे रोटी मिळते पण डबल्सची अशी रेलचेल नाही आणि शाकाहाऱ्यांना जास्त विचारावं लागतं (फसायच्या जागा प्रश्न ८ मधल्याच). ग्रेनाडाला मेडिकलला असलेल्या मुलांनी शुक्रवारी संध्याकाळी गुयाव्हला फिश फ्रायडेला जावं, आणि ऑइल डाऊन खावं, नीरफणस, पालेभाजी, हळद आणि नारळाचं दूध, शाकाहारी करून मागता येतं. बार्बाडोसला शुक्रवार रात्री ऑइस्टिन्सची फिश फ्राय, आणि कू-कू (मक्याच्या पिठाचा घट्ट पदार्थ) आणि फ्लाइंग फिश. ग्रेनाडाला २.७० ईसी (ईस्टर्न कॅरिबियन) डॉलरला एक अमेरिकन डॉलर आणि बार्बाडोसला २ बार्बाडोस डॉलरला एक, दोन्ही दर ठरलेले, त्यामुळे हिशोब त्रिनिदादपेक्षा सोपा पण जेवण महाग.

२१. आईबाबा येतायत. आई शाकाहारी, बाबांना मधुमेह आणि मासे आवडतात. कुठे नेऊ?

पहिल्या दिवशी डबल्सच्या रांगेत उभं करू नका, उन्हात थकतात. सकाळी लवकर सादा रोटी आणि बैगन चोका, दोघांनाही चालेल. रोटी पांढऱ्या पिठाची असते, म्हणून बाबांना अर्धी रोटी आणि चोका-भाजी जास्त, काही ठिकाणी गव्हाची सादा मिळते तीही विचारा. मॉबी, सॉरेल, सगळी सरबतं फार गोड असतात, बाबांना शहाळंच द्या. दुसऱ्या दिवशी मराकस, बाबांना किंगफिश, सॉस वेगळे मागून. आईला एका संध्याकाळी देबेला न्या, सहिना समोर आली की त्या स्टॉलवालीशी गप्पा मारत बसतील आणि तुम्हाला परत निघायला उशीर होईल, तेवढा वेळ धरूनच निघा. विमान शनिवारी रात्री किंवा रविवारी पोचत असेल तर घरी वरणभाताची तयारी ठेवा, रोटी शॉप सोमवारीच उघडतील.